फसणाऱ्या कुंपणाची स्तुती

पारसिकच्या डोंगराखाली, बेलापूरच्या सेक्टर 8 मधल्या बैठ्या घरांच्या गल्ल्यांतून मे महिन्याच्या अखेरीस चक्कर मारली, तर नवी मुंबईतला सर्वांत तोट्याचा उद्योग जोरात चाललेला दिसतो. सुशिक्षित, पगारदार, आयुष्यभर ताळेबंद सांभाळलेली माणसे चार वांग्यांना, सहा भेंड्यांना आणि दोडक्याच्या एका वेलाला कुंपण घालत असतात. कोणी हिरवी शेडनेट बांधतो, कोणी कोंबडीची जाळी. कोणी फ्लॅटच्या दुरुस्तीत निघालेले खिडकीचे ग्रिल आडवे रोवतो, कोणी प्लंबरकडे उरलेल्या पीव्हीसी पाइपांची कमान करून तिच्यावर मच्छरदाणी पसरतो. बांबूच्या कामट्या, सुतळी, केबल टाय, उन्हात लखलखावी म्हणून टांगलेली जुनी सीडी, या सगळ्यावर एखादी काळी पिशवी, कारण ती वाऱ्याने फडफडते. यातल्या एकाही कुंपणाने एकाही माकडाला कायमचे अडवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा मूर्खपणा आहे, आणि या मूर्खपणाची मला मनापासून स्तुती करायची आहे.

आधी तोट्याचे बोलू. तुर्भ्याचा एपीएमसी भाजीबाजार इथून फार लांब नाही. नाशिक, पुणे, सातारा भागातून रात्रभर चाललेले ट्रक पहाटे तिथे रिकामे होतात आणि सकाळी चहा होईपर्यंत तीच भाजी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर आलेली असते. कुंपणाच्या सामानाला जो खर्च येतो त्यात एका लहान कुटुंबाची कित्येक महिन्यांची भेंडी-वांगी येतात. त्यात रविवारची मजुरी धरलेली नाही, हाताला लागलेली तार धरलेली नाही. घरच्या भाजीला वेगळीच चव असते, हा युक्तिवाद मला पटत नाही. कांदा-लसणाच्या फोडणीत पडल्यावर घरची भेंडी कोणती आणि नारायणगावची कोणती हे मला सांगता येत नाही, आणि सांगता येते म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनाही ते येत असेल असे वाटत नाही. म्हणजे पैसा नाही, चवही नाही. तरीही माणसे दर पावसाळ्याआधी कामट्या सोलायला बसतात.

आता कुंपणाच्या पलीकडचे बघा. पहिला मान माकडांचा. डोंगरावरून ती टोळीने उतरतात, पाण्याच्या टाक्यांवरून, केबलच्या तारांवरून, आणि उतरण्याआधी त्यांतले एखादे उंचावर बसून सगळा अंदाज घेते. माकडाच्या गालात पिशवी असते. मिळेल ते आधी गालात कोंबायचे आणि मग निवांत जागी जाऊन खायचे, ही त्याची रीत. त्यामुळे आपण काठी घेऊन बाहेर येईपर्यंत अर्धा वाफा गालांत भरून झालेला असतो. जाळीचे त्याला काही वाटत नाही, कारण जाळी चढता येते. ढिली शेडनेट मात्र त्याला आवडत नाही. पायाखाली झोल जाणारी गोष्ट त्याला विश्वासाची वाटत नाही. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही. जाळी ताणायला वेळ न मिळालेल्या माणसाच्या वाफ्यातली वांगी त्या आठवड्यात शाबूत राहतात, शेजारी ते पाहतात आणि पुढच्या वर्षी सगळी गल्ली जाळी मुद्दाम ढिली सोडते. मग माकडे बाजूच्या आंब्यावरून थेट आत उडी मारायला शिकतात.

मिरचीची गोष्ट त्याहून सुरस. खार, घूस, उंदीर यांना पळवायला लोक मिरचीचे पाणी फवारतात आणि काही दिवस त्याचा उपयोग होतो, कारण सस्तन प्राण्याचे तोंड आपल्यासारखेच तिखटाने पेटते. पक्ष्यांना ते तिखट जाणवतच नाही. मिरचीच्या झाडाने ही सोय स्वतःच्या फायद्यासाठी केलेली आहे: चावून बी भरडणाऱ्याने दूर राहावे, आणि बी न मोडता गिळून लांबवर टाकणाऱ्याने यावे. ही मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून इकडे आली. आपल्या पोपटांना तिची ओळख करून द्यावी लागली नाही. आमच्याकडच्या पोपटांची जोडी लवंगी मिरचीच्या झाडावर बसून एकेक लाल मिरची पायात धरते आणि शांतपणे खाते. बुलबुलांना पिकायला आलेला टोमॅटो आणि लाल झालेले तोंडले लागते. वटवाघळे पपईला रात्री येतात. घूस जमिनीखालून येते, म्हणून जाळी वीतभर पुरायची. मग कळते की घुशीला वीतभर म्हणजे काहीच नाही, हातभर पुरायला हवी होती. डोंगरालगतच्या वाड्यांत हेच काम साळिंदर करते आणि सुरण-रताळी उकरून नेते.

पहिला पाऊस पडला की शंखी गोगलगाई निघतात. मुठीएवढ्या शंखाची ही आफ्रिकी गोगलगाय 1847 मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने कलकत्त्यात आणली असे सांगतात. म्हणजे आमच्या पालकाच्या वाफ्यावरचा हा हल्ला एका विद्वानाच्या हौसेतून सुरू झालेला आहे. तिला कोणतेही कुंपण चढता येते, आणि रात्रीचा सगळा वेळ तिच्याकडे असतो.

बाजारातून भाजी आणणाऱ्या शहाण्या माणसाला यातले काहीही माहीत नसते, आणि माझ्या स्तुतीचे मूळ इथे आहे. ज्याने कुंपण घातले त्याला आपल्या घरापासून शंभर पावलांच्या आत कोण कोण राहते, कोण किती वाजता उठते, कोणाला काय आवडते, कोणाची पिल्ले कधी बाहेर पडतात, हे सगळे ठाऊक होते. निव्वळ पक्षी पाहायला जाणाऱ्यालाही इतके कळत नाही, कारण त्याचे काही पणाला लागलेले नसते. भांडणातून होणारी ओळख पक्की असते. गल्लीतल्या एका निवृत्त काकांना माकडांच्या टोळीतली प्रत्येक मादी ओळखता येते. त्यांनी तिच्यावर ओरडण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवली आहेत. तिचे पिल्लू या वर्षी दिसले नाही तेव्हा चौकशी करणारे तेच पहिले होते.

या जागेला अशा उद्योगाची सवय आहे. सेक्टर 8 मधली ही वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी आखली. साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे, सात-सात घरांचे पुंजके, मध्ये लहान अंगण, आणि प्रत्येक घराला वर मोकळे आकाश असलेला स्वतःचा तुकडा. एका घराची भिंत दुसऱ्याला जोडायची नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याला आपले घर वाढवता येईल. घरे पुढे इतकी वाढली की मूळ आराखडा शोधावा लागतो. पण जिथे तो मोकळा तुकडा उरला, तिथे कोणीतरी अळू लावले, आणि जिथे अळू लावले तिथे कुंपण आले. माणसाला वाढायला जागा सोडणाऱ्या आराखड्याने डोंगरालाही आत यायला जागा ठेवली, हे कोरियांचे मोठे यश आहे असे मी मानतो, जरी वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याची नोंद या कारणासाठी होत नसली तरी.

त्याच्याही आधी इथले पहिले कुंपण समुद्राला घातलेले होते. सिडको 17 मार्च 1970 रोजी स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्या गावांतल्या आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या काठाने मातीचे बांध घालून खारजमीन कसली होती. मिठाला दाद न देणारा तांबडा राता भात तिथे पिकायचा. बांध मातीचाच, त्याला खेकडे बिळे पाडायचे, बिळातून पाणी झिरपायचे, आणि एखाद्या उधाणाला खांड पडायची. मग सगळे गाव चिखलात उतरून ती बुजवायचे. बांधाला उघाडी असायची: भरतीचे पाणी दाबले की तिची फळी आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला लोटून बाहेर पडते. त्या पाण्याबरोबर मासळी आत-बाहेर करायची, आणि उघाडीच्या तोंडाशी जाळे लावून घराघरात कालवणाची सोय व्हायची. समुद्राला अडवायचे, पण त्याच्यासाठी दार ठेवायचे. खेकड्याला हाकलायचे, पण तो परत येणार हे धरूनच बांधाची माती जवळ साठवून ठेवायची. दरवर्षी फुटणारा बांध बांधणाऱ्या माणसांना कोणी व्यवहारी म्हणणार नाही. त्या बांधांनी इथे शतकानुशतके भात पिकवला.

पुढे त्या शेतांवर सेक्टर उभे राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. बांध मात्र परत आला नाही. त्याच्या जागी आलेल्या भिंती फुटत नाहीत, आणि त्यांना उघाडीही नाही.

कुंपणाच्या वेडाचा सर्वांत मोठा नमुना मात्र इंग्रजांचा आहे. मिठाच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला त्यांनी सिंधूकाठच्या अटकेपासून खाली बऱ्हाणपुरावरून ओरिसाकडे जाणारी जकातरेषा आखली. लांबी दोन हजार मैलांहून जास्त, पहाऱ्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या जळगावचा शेजार. या रेषेवर शेकडो मैल जिवंत कुंपण लावले गेले: बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर. आपल्याकडचा कोणताही शेतकरी बांधावर जे लावतो तेच. 1867 ते 1870 या काळात त्या खात्याचा आयुक्त होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे 1885 मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवण्यात ज्याचा पुढाकार होता तो. शिवाय हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा तो त्या काळातला सर्वांत मोठा अभ्यासक. असा माणूस पुरुषभर उंच काटेरी झाडी वाढवायला लागला आणि त्याला जे जे भेटले ते आमच्या गल्लीला रोज भेटते: वाळवी, उंदीर, टोळ, झाडाला मिठी मारून मारणारे वेल, वादळे, वणवे. उंदरांचा बंदोबस्त करायला एका टापूत कुंपणात मांजरे सोडावी लागली. 1 एप्रिल 1879 ला ही रेषा सरकारने सोडून दिली आणि काही दशकांत कुंपण कुठे होते हे सांगणाराही उरला नाही. गरिबाच्या ताटातले मीठ महाग करणारे ते कुंपण होते. ते गेले याचे मला दुःख नाही. पण उंदीर आणि वाळवी यांनी एका साम्राज्याच्या तिजोरीशी इतकी वर्षे झुंज दिली, हा इतिहास शाळेत शिकवावा असा आहे.

ऑस्ट्रेलियाने तीच हौस सशांसाठी केली. 1901 मध्ये सुरू झालेले पहिले ससेरोधक कुंपण 1907 मध्ये पुरे झाले, अठराशे किलोमीटरहून लांब. ते पुरे होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचलेले होते.

आपल्याकडची कल्पकता याहून स्वस्त आणि मला अधिक प्रिय आहे. विदर्भापासून कोकणापर्यंत रानडुकरे अडवायला लोक शेताभोवती बायकांच्या जुन्या साड्या बांधतात. लाल, पिवळ्या, जरीच्या. वाऱ्याने हलतात, माणसाचा वास देतात, आणि काही रात्री डुक्कर खरोखर बिचकते. कर्नाटकात शिमोग्याकडच्या तीर्थहळ्ळीत 2019 मध्ये एका कॉफी-सुपारीवाल्या शेतकऱ्याने आपल्या कुत्र्याच्या अंगावर केसांच्या कलपाने वाघाचे पट्टे रंगवले, आणि त्या कुत्र्याला पाहून माकडे पळाली. नवी दिल्लीत 2023 च्या जी-20 परिषदेच्या वेळी माकडांनी पाहुण्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून ती ज्यांना भितात त्या वानरांचे कटआउट जागोजागी उभे केले होते. मी या सगळ्यांना सलाम करतो. शेताच्या कडेला साडी बांधणाऱ्याने रानडुकराच्या मनात शिरून विचार केलेला असतो: त्याला काय दिसत असेल, कशाचा वास येत असेल, कशाला ते भीत असेल. कुत्र्याला पट्टे रंगवणाऱ्याने माकडाच्या आठवणीतल्या वाघाचा शोध घेतला. समोरच्याला न मारता अडवायचे असेल तर आधी त्याला समजून घ्यावे लागते. वेळ लागतो, हसे होते, आणि शेवटी ते जनावर आपल्याला समजून घेते व साडीखालून आत येते.

याच्या उलट शहाणे, यशस्वी कुंपणही असते, आणि ते मी पाहिले आहे तितके पुरे आहे. घरातल्या मीटरवरून थेट 230 व्होल्टची तार शेताभोवती फिरवली की त्या रात्री डुक्कर आत येत नाही. विदर्भात अशा तारांवर वाघ मेले आहेत, आणि पाणी द्यायला गेलेली माणसेही मेली आहेत, कधी तार लावणाराच. झटका मशीनची गोष्ट वेगळी. सौर बॅटरीवरचे ते यंत्र साधारण सेकंदाला एक ठोका देते, दाब हजारो व्होल्टचा पण क्षणाच्या बारीकशा अंशापुरता, म्हणून जनावर दचकते आणि जिवंत मागे वळते. वनखात्याच्या जन-वन योजनेतून त्याला अनुदानही मिळते. दोन्ही तारा लांबून सारख्याच दिसतात. गावठी बॉम्ब त्याच शहाणपणातले. 2020 च्या मे महिन्यात केरळच्या पलक्कड भागात स्फोटके भरलेले फळ तोंडात फुटून एक गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभ्या-उभ्या मेली, ते डुकरांसाठी ठेवलेले होते असे सांगितले गेले.

शहरात तोच प्रकार लहान आकारात चालतो. बारीक नायलॉनची जाळी जमिनीलगत अंथरली की तिच्यात धामण अडकते. ती सुटायला जितकी धडपडते तितका दोरा खवल्यांत रुतत जातो. धामण गेली की घुशी वाढतात, घुशी वाढल्या की औषधाच्या गोळ्या येतात, गोळ्या खाल्लेला उंदीर घुबड उचलते, आणि मग घुबडही जाते. उंदीर चिकटवायच्या पुठ्ठ्यावर पाल, सरडा, चिमणी, काय वाटेल ते चिकटते आणि तासन्‌तास जिवंत राहते. हा प्रकार विकणाऱ्यांना लाज वाटायला हवी, आणि विकत घेणाऱ्यांनाही. याच शहाणपणाची मोठी आवृत्ती नेरूळच्या डीपीएस तळ्यावर 2024 मध्ये दिसली: खाडीच्या भरतीचे पाणी आत यायची वाट अडली, तळे सुकत गेले, आणि ज्या रोहित पक्ष्यांच्या चित्रांनी हे शहर आपल्या भिंती रंगवते त्या पक्ष्यांवर आपत्ती आली. पाणी अडवणारा तो अडथळा काम करत होता. मी ज्या कुंपणांची स्तुती करतो आहे ती काम करत नाहीत, निदान पुरते करत नाहीत, आणि त्यांचा तोच गुण आहे.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. ज्याचे पोट शेतावर आहे त्याला मी हे ऐकवणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माकडांनी शहाळी आणि केळी उद्ध्वस्त केल्यावर शेतकरी मोर्चे काढतात ते खरोखरीच्या उपासमारीने काढतात. 2002 मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले तेव्हापासून तिथल्या बागायतदाराने एका रात्रीत पडलेल्या माडांची किंमत मोजलेली आहे. खारघरच्या डोंगरावरच्या वाड्यांत ठाकूर आणि कातकरी कुटुंबे पावसात काकडी, पडवळ, शिराळी लावतात आणि बाया ती टोपलीत घालून खाली सेक्टरांत विकतात. त्यांच्या मांडवात डुक्कर शिरले तर त्या आठवड्याचा बाजार जातो. त्यांना भरपाई वेळेवर आणि पुरी मिळाली पाहिजे, पंचनाम्यासाठी चार हेलपाटे घालावे लागू नयेत. मूर्खपणा ही परवडणाऱ्यांनी करायची गोष्ट आहे. ज्याला दोडका गेला तरी जेवण चुकत नाही, त्यानेच फसणारे कुंपण घालावे. नवी मुंबईत अशी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली फार थोडी हा खर्च करतात.

राखण करणाऱ्याने राखण न करणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. हालाच्या गाथासप्तशतीत शेत राखायला बसलेल्या तरुणी येतात आणि त्यांचे लक्ष पोपटांवर असतेच असे नाही. महिपतीने सांगितलेल्या तुकारामांच्या चरित्रात तर त्यांना एका शेतकऱ्याने पाखरे हाकायला मचाणावर बसवले, आणि तुकोबांनी पाखरांना खाऊ दिले, ऊन लागेल म्हणून पाणी प्यायलाही पाठवले. मालक आल्यावर मोठी ओरड झाली, पंचांपुढे प्रकरण गेले, आणि मळणी केली तेव्हा धान्य नेहमीपेक्षा जास्त भरले. तो चमत्कार झाला की नाही हा माझा विषय नाही. आमच्या गल्लीत धान्य जास्त भरत नाही, कमीच भरते. पण मचाणावर बसून पाखरांकडे पाहत राहिलेला राखणदार या भाषेने आपला सर्वांत मोठा माणूस ठरवला, याचा मला आधार वाटतो.

कोल्हा काकडीला राजी, असे म्हणतात. ही म्हण रचणाऱ्याने काकडी लावली होती आणि कोल्हा पाहिला होता. नवी मुंबईत दोन्ही अजून आहेत. ठाणे खाडीच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे राहतात, वाशीपासून खारघरपर्यंतच्या पट्ट्यात लोकांना दिसतात, आणि तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत रात्री टिपले जातात. खेकडे, मासे, उंदीर, पडलेली फळे, जे मिळेल ते खातात. टॉवरच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला ही म्हण नुसती म्हण वाटते. खाडीच्या बाजूला तळमजल्यावर वाफा असणाऱ्याला ती सूचना वाटते, आणि तो सकाळी उठून काकडीवरच्या दातांच्या खुणा बघतो: ही घूस, ही खार, ही माहीत नाही.

तेव्हा ज्यांना या पावसाळ्यात हा तोटा करून घ्यायचा आहे त्यांनी बांबू मे महिन्यातच आणावेत, पाऊस सुरू झाला की ते मिळतात पण ओले मिळतात. जाळी जाड दोऱ्याची, बोट आत जाणार नाही इतक्या लहान छिद्राची घ्यावी, आणि घट्ट ताणून जमिनीपासून चार बोटे वर ठेवावी, म्हणजे साप अडकत नाही. खाली घुशीसाठी लोखंडी जाळी हातभर पुरावी. वरच्या कडेला मात्र माकडांसाठी झोल ठेवावा. वीज कुठेही लावू नये. काकडीच्या दोन बिया कुंपणाच्या आत आणि दोन बाहेर टोचाव्यात, बाहेरचा वेल ज्याला लागेल त्याला. रोज सकाळी जाळी एकदा फिरून बघावी, आणि तिच्यात काही अडकलेले दिसले तर स्वतः कात्री चालवण्याआधी वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. माकडांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, त्यांना ते भांडणाचे आमंत्रण वाटते. पहिली वांगी लागतील ती कोणाची हे आधी ठरवून ठेवू नये.